जेसनचे पत्र आणि जावाचे रकाने

परीक्षेचा निकाल आता पुष्कळ ठिकाणी पालकांच्या मोबाईलवर दिसू लागला आहे. पडद्यास बोट लावताच मुलाचे नाव, इयत्ता व विषयवार गुण क्षणार्धात डोळ्यांपुढे उभे राहतात. हे गुण दूरच्या कोणत्या तरी सर्व्हरवर साठविलेले असतात. ते तेथून कोणत्या रूपाने निघतात, आणि मोबाईलमध्ये उतरल्यावर त्यांचे काय होते, ह्याची चौकशी करण्याचे कारण सामान्यतः कोणास पडत नाही. परंतु ह्या लहानशा प्रवासात एखाद्या मुलाचा अर्धा गुण गळून पडू शकतो. आणि तापाने अंथरुणास खिळलेला मुलगा परीक्षेस बसलाच नसता, त्याच्या नावापुढे शून्य गुण मांडले जाऊ शकतात. ह्यात कोणाची लबाडी नसते, यंत्रही बिघडलेले नसते. दोष असतो तो पत्र वाचून वही भरण्याच्या रीतीत. ती रीत काय आहे, हे वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रोग्राम चालू असताना त्याची माहिती संगणकाच्या स्मृतीत विखुरलेली असते. विद्यार्थ्याचे नाव एका जागी, त्याच्या गुणांची यादी दुसऱ्या जागी, आणि दोहोंना जोडणारा असतो केवळ एक पत्ता. तो पत्ता त्या एका यंत्रापुरताच खरा. एका गावातील घराचा क्रमांक घेऊन दुसऱ्या गावात ते घर शोधू गेल्यास जे होईल, तेच हा पत्ता दुसऱ्या यंत्राच्या हाती दिल्यास होईल. म्हणून माहिती पाठवावयाची झाल्यास ती आधी मजकुराच्या रूपाने लिहून काढावी लागते, व तो मजकूर ज्यास पोहोचेल त्याने तो वाचून आपल्या स्मृतीत तिची मांडणी पुन्हा नव्याने करावी लागते. थोडक्यात, एका बाजूस पत्र लिहिणे आले आणि दुसऱ्या बाजूस पत्र वाचून वही भरणे आले.

असे पत्र लिहिण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी सांप्रत फार प्रचारात असलेली पद्धत म्हणजे जेसन होय. जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन ह्या लांबलचक नावाची ही आद्याक्षरे. अमेरिकेतील डग्लस क्रॉकफर्ड ह्या गृहस्थांनी २००१ च्या सुमारास तिला नाव व रूप दिले. २००६ साली तिचे नियम इंटरनेटच्या प्रमाण-लेखांत प्रथम नमूद झाले; सध्या प्रमाण मानला जाणारा लेख २०१७ सालचा आहे. जावा ही भाषा निराळी. ती जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीत तयार केली, १९९५ साली ती जगापुढे आली, व २०१० साली त्या कंपनीबरोबर ओरॅकलकडे गेली. जावा आणि जावास्क्रिप्ट ह्यांच्यातील साम्य बव्हंशी नावापुरतेच आहे, हे येथेच सांगून ठेवितो. कारण ह्या नावसाधर्म्याने नवख्या विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. अँड्रॉइड जातीच्या मोबाईलवरील असंख्य प्रोग्राम जावात लिहिलेले आहेत, आणि त्यांच्याकडे येणारी पत्रे बहुधा जेसनमध्ये असतात. अशा रीतीने ह्या दोन परक्यांची गाठ रोज पडते.

जेसनचे पत्र कसे असते ते पाहू:

{ "नाव": "सुमती", "इयत्ता": ८, "गणित": ७२.५, "इतिहास": ६५ }

महिरपी कंसांच्या आत शीर्षक, मग विसर्गासारखी दोन टिंबे, आणि मग त्या शीर्षकाची किंमत, अशा जोड्या स्वल्पविरामांनी विभागून लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात शीर्षके बहुधा रोमन लिपीत लिहितात. तथापि देवनागरी शीर्षकांस नियमाची मुळीच आडकाठी नाही. अंकांचे मात्र तसे नाही. जेसनमध्ये संख्या लिहावयाची ती आंतरराष्ट्रीय अंकांनीच. येथे ते केवळ छपाईच्या एकसारखेपणासाठी देवनागरीत दाखविले आहेत.

जेसनला मजकूर, संख्या, होय-नाही, 'नल' म्हणजे काहीच नाही, यादी, आणि वर दाखविल्यासारखा जोड्यांचा संच, एवढ्याच जातींच्या किंमती ठाऊक आहेत. तारीख ही जात तिला ठाऊक नाही. तारीख मजकूर म्हणूनच पाठवावी लागते. पूर्णांक व अपूर्णांक असा भेदही ती करीत नाही; तिच्या लेखी दोन्ही संख्याच. शिवाय संख्येच्या आरंभी निरर्थक शून्य लिहिण्यास मनाई आहे. तेव्हा ज्या क्रमांकाचा आरंभ शून्याने होतो, तो अवतरणचिन्हांत घालून मजकूर म्हणूनच लिहिला पाहिजे. दूरध्वनीचा क्रमांक दिसावयास संख्या दिसतो खरा. परंतु त्याची कोणी बेरीज करीत नाही, ह्यावरूनच तो संख्या नव्हे हे ओळखावे.

आता जावाची बाजू. जावामध्ये 'क्लास' म्हणून जी गोष्ट असते, तिचा शाळेतील वर्गाशी काही संबंध नाही. क्लास म्हणजे छापील कोरे प्रगतिपुस्तक म्हणा. त्यात कोणते रकाने असावेत, आणि कोणत्या रकान्यात कोणत्या जातीची किंमत भरावी, हे आधीच ठरलेले असते. 'नाव' ह्या रकान्यात मजकूर, 'इयत्ता' ह्या रकान्यात पूर्णांक, इत्यादि. ह्या कोऱ्या पुस्तकाची एक प्रत घेऊन सुमतीची माहिती भरली, म्हणजे त्या भरलेल्या प्रतीस 'ऑब्जेक्ट' म्हणावयाचे. क्लास एक, ऑब्जेक्टे जितके विद्यार्थी तितकी.

जेसनच्या पत्रावरून जावाचे ऑब्जेक्ट बनविणे, म्हणजे पत्र वाचणे व प्रगतिपुस्तकाची एक प्रत भरणे होय. हे काम हाताने करता येते; पण प्रत्येक शीर्षकासाठी स्वतंत्र ओळ लिहावी लागत असल्याने ते कंटाळवाणे होते, आणि कंटाळवाण्या कामात चुका फार. म्हणून त्यासाठी तयार साधने निघाली आहेत. टाटू सालोरांटा ह्यांनी आरंभिलेले जॅक्सन, आणि गूगलने २००८ साली सर्वांस खुले केलेले जीसन, ही त्यांत विशेष प्रसिद्ध. त्यांना पत्र द्यावे, क्लासचे नाव सांगावे, आणि भरलेले ऑब्जेक्ट घ्यावे, इतकेच आपले काम उरते.

साधन हे कसे साधते? प्रथम ते पत्राची अक्षरे एकामागून एक वाचते, आणि त्यांचे अर्थपूर्ण तुकडे पाडते. हा कंस उघडला, हे शीर्षक आले, ही संख्या आली, हा कंस मिटला. एखादा स्वल्पविराम जास्त पडला वा कंस मिटावयाचा राहिला, तर ते बहुधा येथेच थांबते व तक्रार करते. मग ते क्लासकडे वळून विचारते, "तुझ्यापाशी रकाने कोणते?" प्रोग्राम चालू असताना एखाद्या क्लासला स्वतःविषयी असे प्रश्न विचारण्याची सोय जावात आहे, तिला रिफ्लेक्शन, म्हणजे प्रतिबिंब, असे समर्पक नाव दिले आहे. क्लास जणू आरशात पाहून उत्तर देतो. त्या उत्तरावरून साधन शीर्षक व रकाना ह्यांची जुळणी करते, पत्रातील किंमत रकान्याच्या जातीत बदलते, आणि रकान्यात ठेविते. एखादी किंमत स्वतःच कंसातील संच असेल, तर त्यासाठी दुसरे लहान ऑब्जेक्ट त्याच रीतीने भरून आधीच्यात बसविते.

जुळणी होते ती अक्षरशः. रकान्याचे नाव 'विद्यार्थी' आणि पत्रातील शीर्षक 'विद्यार्थि' असेल, तर साधनाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द. आपले शुद्धलेखन तपासणारे गुरुजी इतके कडक नसतील! इतकेच नव्हे, तर आपल्या 'दुसऱ्या' ह्या शब्दातील 'ऱ' हे अक्षर यंत्रात दोन प्रकारांनी लिहिता येते: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखालील नुक्ता असे दोन भाग करून. डोळ्यास दोन्ही सारखेच दिसतात, आणि यंत्रास निरनिराळे. जेथे दोन्ही बाजूंची नावे भिन्न असून बदलता येत नाहीत, तेथे रकान्याच्या डोक्यावर एक खूणचिठ्ठी लावून "पत्रात तुझे नाव अमुक असेल" असे साधनास कळविण्याची सोय दोन्ही साधनांत आहे.

येथवर सर्व सुरळीत आहे. अडचण येते ती पत्र आणि पुस्तक ह्यांचा मेळ बसत नाही तेव्हा. आणि माझ्या मते ह्या विषयातील खरे शिकण्यासारखे सर्व काही तेथेच आहे.

वरील पत्रात सुमतीस गणितात साडेबहात्तर गुण आहेत. प्रगतिपुस्तक छापणाऱ्याने गणिताचा रकाना 'इंट' जातीचा, म्हणजे केवळ पूर्णांकाचा, ठेविला आहे असे समजा. जीसनपुढे हे पत्र ठेविले, तर ते ही किंमत ह्या रकान्यात मावत नाही असे सांगून काम थांबविते. जॅक्सनची दुसरी पिढी मात्र, तिला वेगळे बजावले नसल्यास, अपूर्णांक कापून टाकते व मुकाट्याने बहात्तर लिहिते. तक्रार नाही, नोंद नाही. अर्धा गुण कोठे गेला, हे पुढे कोणासही सांगता येणार नाही. पहिले साधन दांडगे व दुसरे सौम्य असे कोणास वाटेल. परंतु ज्या कामात मुलाचे वर्ष अवलंबून आहे, तेथे मला दांडगेपणाच पसंत आहे.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढची. शांतवन नावाचा एक विद्यार्थी आहे असे धरा. त्यास गणितात ७४ व मराठीत ६८ गुण मिळाले. इतिहासाच्या दिवशी तो तापाने आजारी होता, परीक्षेस बसला नाही. पत्र लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे इतिहासाचे शीर्षकच लिहिले नाही. जे नाही ते लिहावे कसे? आता जावाची बाजू पाहा. 'इंट' जातीचा रकाना कधीही रिकामा राहू शकत नाही. क्लासची प्रत निघते त्याच क्षणी अशा प्रत्येक रकान्यात शून्य बसलेले असते, आणि दुसरी किंमत येईपर्यंत ते हलत नाही. पत्रात इतिहास नाही, म्हणून साधन त्या रकान्यास हात लावीत नाही. आणि शून्य तेथेच राहते. पुढे सरासरी काढणारा प्रोग्राम १४२ ला तिहींनी भागतो, आणि सुमारे ४७ हे उत्तर देतो. वास्तविक दोन विषयांची सरासरी ७१ आहे. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागत असतील, तर हा मुलगा इतिहासात नापास म्हणून पडद्यावर झळकतो. ज्या आईने तीन रात्री त्याच्या उशाशी बसून काढल्या, तिला मोबाईल सांगतो की तुमच्या मुलास इतिहासात काहीच आले नाही.

शून्य आणि अभाव ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. परीक्षेस बसून एकही उत्तर न आलेला मुलगा, आणि परीक्षेस न बसलेला मुलगा, ह्यांतील भेद शाळेतील शिपाईही जाणतो. 'इंट' जाणत नाही. जावामध्ये ह्यावर उपाय आहे. 'इंटिजर' नावाची दुसरी जात आहे; तिच्या रकान्यात पूर्णांक असू शकतो, किंवा काहीच नाही असेही असू शकते. रकाना ह्या जातीचा ठेविला असता शांतवनच्या इतिहासापुढे शून्य न येता 'नल' येते. ह्या 'नल'ला न विचारता बेरजेत ओढले, तर जावा जागच्या जागी थांबते व चूक दाखविते. ही अडचण वाटते. परंतु चुकीचे उत्तर निमूटपणे मिळण्यापेक्षा हे थांबणे शतपटीने बरे. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यास विचार करावाच लागतो की, गैरहजर विद्यार्थ्याची सरासरी कशी काढावयाची? त्याचे उत्तर जॅक्सन देऊ शकत नाही, जीसनही देऊ शकत नाही. ते शाळेने द्यावयाचे आहे.

पत्र लिहिणाऱ्याने शीर्षक न गाळता त्यापुढे स्पष्ट 'नल' लिहिले तर काय होते? रकाना 'इंट' असल्यास जीसन तेव्हाही शून्यच राहू देते. जॅक्सनच्या दुसऱ्या पिढीचाही मूळ नियम तोच होता. २०२५ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत मात्र तो उलटविण्यात आला असून, आता असे पत्र चूक म्हणून परत केले जाते. ह्या बदलास इतकी वर्षे लागली ह्याचे नवल वाटते. पण एकदा लाखो प्रोग्राम एखाद्या सवयीवर विसंबले, की ती मोडणे सोपे नसते.

ह्याच्या उलट प्रसंग, म्हणजे पत्रात शीर्षक आहे आणि पुस्तकात रकानाच नाही. जीसन अशा शीर्षकाकडे दुर्लक्ष करते. जॅक्सनची दुसरी पिढी हरकत घेत असे. तिसरीने तीही सोडून दिली. ह्यात मला फारसे वावगे दिसत नाही. पाठविणाऱ्याने उद्या पत्रात रक्तगटाची ओळ वाढविली, तर निकाल दाखविणारा जुना प्रोग्राम तेवढ्यासाठी बंद का पडावा?

मोठ्या संख्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. साधनास क्लास न सांगता "तुला योग्य वाटेल ते ऑब्जेक्ट बनव" असे म्हटले, तर जीसन प्रत्येक संख्या 'डबल' ह्या दशांशाच्या जातीत घालते. सुमतीची इयत्ता ८ ची ८.० होते, हे हसण्यावारी नेता येईल. परंतु 'डबल' जातीत ९००७१९९२५४७४०९९२ च्या, म्हणजे दोनाच्या त्रेपन्नाव्या घाताच्या, पलीकडे सर्व पूर्णांक ठेविता येत नाहीत. शेवटचा अंक २ ऐवजी ३ असलेली संख्या पाठविली, तर ती २ होऊन बाहेर येते. गुणांच्या बाबतीत असे होणे नाही; पण खातेक्रमांक वा नोंदणीक्रमांक असेल, तर एकाचे कागद दुसऱ्याच्या नावावर जावयाचे. जावास्क्रिप्टमध्येही संख्या ह्याच जातीच्या असतात. २०१० साली ट्विटरने आपल्या नोंदींचे क्रमांक वाढविले, तेव्हा ह्याच कारणास्तव प्रत्येक क्रमांक संख्येबरोबर मजकुराच्या रूपानेही पाठविण्यास आरंभ केला. जावात 'लाँग' नावाची पूर्णांकाची जात आहे. रकाना तिचा आहे असे आधी सांगितले, तर वरची संख्या शेवटच्या अंकापर्यंत शाबूत उतरते.

संपूर्ण वर्गाचा निकाल एका यादीत येतो, तेव्हा आणखी एक खाच आड येते. 'विद्यार्थ्यांची यादी' असे आपण जावात लिहिले, तरी प्रोग्राम चालू असताना त्यास केवळ 'यादी' एवढेच सांगून साधनाच्या हाती दिले जाते. कशाची, हे कळविण्याचे राहून जाते. मग ते विद्यार्थ्यांची पुस्तके न भरता नुसत्या जोड्यांचे संच भरून देते, आणि पुढे कोणी त्यातील पहिला विद्यार्थी मागितला की प्रोग्राम कोसळतो. म्हणून यादीची पूर्ण जात सांगण्याची वेगळी पद्धत दोन्ही साधनांत ठेविली आहे.

पत्रासाठी कोणते पुस्तक उघडावयाचे, हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे, पत्राने नव्हे. जॅक्सनमध्ये अशी एक सोय होती की, ती चालू केल्यास पत्रातच क्लासचे नाव लिहून पाठविता येई. सोयीची खरी, परंतु पत्र कोणीही लिहू शकतो, आणि जावाच्या भांडारात असेही क्लास असतात की, ज्यांची प्रत भरली जात असतानाच काही कृती घडते. दुष्ट हेतूने लिहिलेल्या पत्राने अशा क्लासचे नाव घेऊन दुसऱ्याच्या यंत्रावर हवे ते करून घेता येते, हे २०१७ साली उघडकीस आले, व पुढे कित्येक वर्षे असे एकेक क्लास हुडकून त्यांस बंदी घालण्याचे काम चालू होते.

आपल्या लिपीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जेसनचे पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा ते यूटीएफ-८ ह्या संकेताने लिहिलेले असावे, असा नियम आहे. ह्या संकेतात साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागते, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन. 'सुमती' ह्या नावात स, उकार, म, त आणि दीर्घ ईकार अशी पाच चिन्हे. म्हणजे पंधरा बाइटी झाल्या. वाचणाऱ्याने त्या पंधरांचे तीन-तीनांचे गट न करता प्रत्येक बाइट हे एक अक्षर मानले, तर सुमतीच्या जागी पंधरा अगम्य चिन्हांची रांग दिसते. २०२२ सालच्या अठराव्या आवृत्तीपूर्वीची जावा, स्पष्ट सूचना नसल्यास, आपण ज्या यंत्रावर आहोत त्याच्या रूढ संकेताने फाइल वाचीत असे. त्यामुळे एकाच प्रोग्रामात एका यंत्रावर सुमती सुखरूप असे, व शेजारच्या यंत्रावर तिची दशा होई. अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच मूळ संकेत झाला. जुन्या आवृत्त्या अजून पुष्कळ ठिकाणी वापरात आहेत. तेथे संकेताचे नाव लिहावे, दैवावर सोडू नये.

ज्यांस संगणकाच्या खोलीत बसण्याची संधी आहे, त्यांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. चार रकान्यांचा एक क्लास लिहावा, आणि इतिहासाचा रकाना 'इंटिजर' ठेवावा. इतिहासापुढे 'नल' लिहिलेले पत्र जीसनकडून वाचून घ्यावे, आणि बनलेल्या ऑब्जेक्टवरून त्याच साधनाकडून पुन्हा पत्र लिहवून घ्यावे. दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेविली, म्हणजे दुसऱ्या पत्रात इतिहासाची ओळच नाही असे आढळेल. कारण तशी स्पष्ट आज्ञा केल्याखेरीज जीसन 'नल' असलेला रकाना लिहीत नाही. मग रकान्याची जात बदलून 'इंट' करावी आणि तेच पत्र पुन्हा द्यावे. ह्या वेळी ओळ परत येईल, आणि तिच्यापुढे शून्य असेल.